कॅमेऱ्याची पारख

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं नववी-दहावीचे पांच-सहा विद्यार्थी आमच्याकडे आले. कापसाच्या हंगामाचीं छायाचित्रें, तींही जुन्या पद्धतीच्या फिल्मवर, काढण्याचा त्यांचा बेत होता. त्यासाठीं वर्गणी करून एक जुना कॅमेरा घ्यावा, तो रेंजफाइंडर जातीचा असावा, प्रकाशाचा हिशेब आपोआप करणारा असावा आणि त्यांच्या मागून येणाऱ्या वर्गांनाही उपयोगी पडावा इतका टिकाऊ असावा, असें त्यांचें म्हणणें होतें. खिशांतल्या मोबाइलवर क्षणांत चित्र निघत असतां हा खटाटोप कशाला, असें आम्हीं विचारलें. त्यांपैकीं एकानें दिलेलें उत्तर आमच्या मनांत राहून गेलें. तो म्हणाला, "सर, मोबाइलमध्यें हजार फोटो आहेत, पण घरच्या भिंतीवर एकही नाहीं."

कोणता कॅमेरा घ्यावा, या प्रश्नास एका नांवानें उत्तर देतां आलें असतें. आम्हीं तें तसें दिलें नाहीं. कां दिलें नाहीं हें सांगण्यासाठीं आमची स्वतःची एक फजिती प्रथम सांगणें भाग आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं असा एक कॅमेरा आमच्या हातीं प्रथम आला, तो उसना होता. दारव्हा तालुक्यांतील आमच्या आजोळीं त्या वर्षीं भावाची वाट पाहत कापूस बरेच दिवस माजघरांत भरून ठेविला होता. अखेर विकावयाचें ठरलें आणि गाडी भरण्यासाठीं तो अंगणांत काढला. उन्हांत तो पांढरा ढीग डोळे दिपवीत होता, आणि आजी ओसरीच्या सावलींत खांबाशीं टेकून त्याच्याकडे पाठ करून बसली होती. आम्हीं कळ 'ऑटो'वर ठेविली, आजीच्या चेहऱ्यावर फोकस जुळविला आणि चित्र घेतलें. एकच घेतलें, कारण फिल्ममध्यें तेवढीच जागा उरली होती. फिल्म धुवून आली तेव्हां कापसाचा पुंजका न् पुंजका स्पष्ट होता, आणि आजीच्या जागीं एक काळी आकृति होती. लुगड्याचा कांठ तेवढा ओळखूं येई. पुढल्या चैत्रांत आजी गेली. तिचें दुसरें चित्र घरांत नाहीं.

कॅमेऱ्याची त्यांत कांहींही चूक नव्हती. त्यानें आपलें काम नेमकें केलें होतें. तें काम काय असतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. त्याचें तत्त्व समजण्यास एक पेन्सिल पुरे. ती हात लांब करून डोळ्यांसमोर धरावी आणि एकदां उजवा, एकदां डावा डोळा मिटून भिंतीकडे पाहावें. पेन्सिल जागची हलल्यासारखी दिसते. जवळ आणली तर अधिक हलते, दूर नेली तर कमी. या कॅमेऱ्याच्या माथ्यावरील दोन खिडक्या म्हणजे असेच दोन डोळे होत. एकीतून दृश्य सरळ दिसतें. दुसरीतून आलेलें दृश्य आरशानें वळवून, अर्धवट पारा चढविलेल्या कांचेवरून पहिल्यावर पाडलेलें असतें. भिंग फिरविलें कीं त्याला जोडलेली ही रचना हलते, आणि मधल्या पिवळसर चौकोनांतील दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या म्हणजे फोकस जुळला. भिंगास जोडलेला असा अंतरमापक कोडॅकनें १९१६ सालीं एका कॅमेऱ्यांत बसविला. १९३२ पासून लायका व कॉन्टॅक्स या जर्मन कॅमेऱ्यांनीं तो जगभर नेला. या जातीच्या कॅमेऱ्यांत आरसा उडण्याची खटपट नसते, त्यामुळें आवाज थोडा होतो, आणि अंधुक उजेडांतही फोकस चांगला जुळतो. दोष एकच. आपण पाहतों तें भिंगांतून नव्हे, खिडकीतून. म्हणून भिंगावरचें झांकण तसेंच राहिलें तरी दृश्य स्वच्छ दिसतें. आमच्या एका स्नेह्यांनीं एक अख्खी वरात अशी झांकणाच्या आंत टिपली आहे.

आतां प्रकाशाच्या हिशेबाकडे वळूं. फिल्मवर किती प्रकाश पडावा हें दोन गोष्टींनीं ठरतें: भिंगाचें छिद्र केवढें आणि शटर किती वेळ उघडें. पाटाचें पाणी वाफ्यांत सोडतांना तोंड किती रुंद फोडलें व किती वेळ तसें ठेविलें, याचा जो हिशेब शेतकरी मनांत करतो, तोच हा. तो यंत्रानें करावा अशी पहिली रचना कोडॅकच्या 'सुपर सिक्स-२०' या कॅमेऱ्यांत १९३८ सालीं आली, पण त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. साधारण माणसाच्या हातीं ही सोय पडली ती १९६० नंतर, मुख्यतः जपानी कारखान्यांमुळें. कॅननचा पहिला 'कॅनोनेट' १९६१ चा. १९६२ च्या फेब्रुवारींत पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन यांनीं बरोबर नेलेला एक कॅमेराही याच जातीचा होता. 'अॅन्स्को ऑटोसेट' हें त्याचें नांव. जपानांत मिनोल्टानें बनविलेला आणि फ्लॉरिडांतील एका साध्या दुकानांतून सुमारें ४० डॉलरांस घेतलेला. जाड हातमोजे घालून बारीक कड्या फिरविण्याची सोय नसते. तेथें आपोआप चालणारें यंत्रच हवें.

या पहिल्या कॅमेऱ्यांचा डोळा सेलेनियमचा असे. सेलेनियमवर प्रकाश पडला कीं त्यांतूनच थोडी वीज निघते, म्हणून बॅटरी लागत नाहीं. परंतु वयानें आणि ओलाव्यानें तो मंद होतो, आणि एकदां मेला कीं पुन्हां जिवंत होत नाहीं. त्यानंतर कॅडमियम सल्फाइडचा डोळा आला. तो अधिक तीक्ष्ण, पण त्यास बॅटरी हवी. त्या काळच्या बॅटऱ्या पाऱ्याच्या असत व १.३५ व्होल्ट दाब अखेरपर्यंत स्थिर ठेवीत. पारा विषारी असल्यामुळें त्या बाजारांतून गेल्या. २०१३ च्या मिनामाता करारानें तर पाऱ्याच्या वस्तूंवर जगभर बंधन घातलें. त्यांच्या जागीं आज कोणी घड्याळवाल्याकडील १.५ व्होल्टांचा सेल घालतो. दाब वाढल्यानें कांटा अधिक सरकतो, कॅमेऱ्यास उजेड जास्त वाटतो, आणि चित्र काळवंडतें. श्रवणयंत्रांत घालतात तो जस्त व हवेवर चालणारा ६७५ क्रमांकाचा सेल सुमारें १.४ व्होल्टांचा असतो, तो घालावा. उघडल्यावर तो फार दिवस टिकत नाहीं, पण स्वस्त आहे.

हें सारें नीट असलें तरी आमच्या आजीचें चित्र बिघडलेंच असतें. प्रकाशमापकास माणूस कळत नाहीं, कापूस कळत नाहीं. समोरून एकंदर किती प्रकाश येतो एवढेंच त्यास कळतें. आणि समोरचें जग सरासरीनें मध्यम करडें आहे, आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें १८ टक्के परत फेंकणारें आहे, अशी त्याची समजूत करून दिलेली असते. बहुतेक मुलखांत ही समजूत चालून जाते. आमचा यवतमाळ जिल्हा पडला पांढऱ्या कापसाचा आणि काळ्या मातीचा. कापसाचा ढीग समोर आला कीं यंत्रास वाटतें, उजेड फार झाला. तें छिद्र लहान करतें, कापूस करडा होतो, आणि त्याच्या अलीकडे सावलींत बसलेला माणूस काळा पडतो. उलट नांगरलेलें काळें रान समोर असलें म्हणजे यंत्र छिद्र मोठें करतें, माती फिकी येते, आणि बांधावरील पांढऱ्या धोतराचा नुसता डाग उरतो. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील आमची शकुंतला गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनानें ओढली जाई. त्या काळ्या इंजिनाजवळ उभें राहून 'ऑटो'वर घेतलेल्या चित्रांत तें राखेच्या रंगाचें दिसावें यांत नवल नाहीं.

म्हणून जो कॅमेरा घ्यावयाचा, त्याच्या आपोआप चालण्यापेक्षां त्याचें आपोआप चालणें बाजूस सारतां येतें कीं नाहीं, हें आम्ही प्रथम पाहूं. टिकाऊपणाचा प्रश्नही यांतच आला. ज्याचें शटर स्प्रिंगेवर चालतें तो बॅटरी संपल्यावरही कॅमेरा राहतो. ज्याचें शटर विजेवर चालतें तो बॅटरी संपली कीं बहुधा पेटींत जातो.

या कसोटीवर उतरणारे कांहीं थोडे आहेत. १९७२ चा 'कॅनोनेट क्यूएल १७ जी-३' हा बहुतेकांचा आवडता. शटरचा वेग आपण ठरवावा, छिद्र तो ठरवितो. वाटल्यास दोन्ही आपण ठरवावीं, मग बॅटरीची गरजच नाहीं. त्याचें भिंग एफ १.७ चें, म्हणजे संध्याकाळच्या उजेडासही पुरणारें. कळ अर्धी दाबून धरली कीं त्यानें केलेला हिशेब तसाच राहतो. म्हणून चेहऱ्याजवळ जाऊन अर्धी कळ दाबावी आणि मागें सरून चित्र घ्यावें, ही युक्ति त्यांत साधते. आम्हांस त्या दिवशीं एवढें ठाऊक असतें तर पुरे होतें. १९७० चा 'ऑलिंपस ३५ आरसी' त्याहून लहान व हलका आहे. त्याचें भिंग एफ २.८ चें आहे, पण वेग आणि छिद्र हीं दोन्ही खिडकींतच दिसतात. शिकणाऱ्यास या गोष्टीचा लाभ मोठा आहे, कारण यंत्रानें काय ठरविलें तें चित्र घेण्यापूर्वींच कळतें. त्याच कारखान्याच्या १९६९ च्या '३५ एसपी' मध्यें दृश्याच्या मधल्या लहानशा भागाचाच प्रकाश मोजण्याची निराळी कळ आहे; कापसापुढील चेहऱ्यासाठीं याहून योग्य सोय नाहीं, मात्र तो कमी मिळतो आणि महाग मिळतो. १९६५ चा 'कोनिका ऑटो एस-२' अंगानें थोराड, पण कामाचा आहे.

१९६६ पासून निघालेल्या 'याशिका इलेक्ट्रो ३५' विषयीं विद्यार्थ्यांनीं आवर्जून विचारलें, कारण तो सर्वांत अधिक आढळतो व स्वस्त पडतो. त्याचें भिंग उत्तम आहे. छिद्र आपण ठरवावें, आणि शटर तो विजेच्या मंडलानें हवा तितका वेळ, ३० सेकंदांपर्यंत, उघडें ठेवतो. यात्रेंतील दिव्यांच्या उजेडांत तो जें करून दाखवितो तें वरच्या एकासही जमणार नाहीं. परंतु त्याच्या शटरचा वेग हातानें ठरवितां येत नाहीं, आणि बॅटरी नसली म्हणजे तें दर वेळीं सेकंदाच्या पांचशेंाव्या भागानेंच उघडतें. मूळची पाऱ्याची बॅटरीही आतां नाहीं. जोडखोबण करून दुसरी बसवावी लागते. ज्यास एकच कॅमेरा घ्यावयाचा आहे त्यानें तो घेऊं नये, असें आमचें मत आहे. ज्याच्या घरीं तो आधींच आहे त्यानें तो जरूर वापरावा. कोनिका हेक्सार आरएफ, लायका एम-७, नवा झाइस इकॉन हे भिंग बदलतां येणारे कॅमेरे फारच उंची, पण त्यांच्या किंमतींत बैलजोडी येते. शाळेच्या वर्गणीचें तें काम नव्हे.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक बंधनें होतीं. घरोघरीं असे तो बडोद्यास बनणारा साधा 'अग्फा क्लिक-३', आणि त्यांत फिल्म पुष्कळदां उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या आतां बंद झालेल्या सरकारी कारखान्याची 'इंदू'. जपानी कॅमेरा कोणी परदेशांतून येतांना आणी, तेव्हां तो गांवांत येई. त्यामुळें विकत घेण्यापूर्वीं आप्तांच्या कपाटांत विचारपूस करावी. तेथें नाहींच मिळाला तर मुंबईचा बोरा बाजार आहे, चोर बाजार आहे.

बाजारांत मात्र बैलाचे दांत पाहावे तसा कॅमेरा पाहावा, आणि विकणाऱ्याच्या घाईस भीक घालूं नये. पाठीमागचें झांकण उघडून शटर सर्वांत मोठ्या वेळेवर ठेवावें व दाबावें. एका सेकंदाचें किंवा पाव सेकंदाचें उघडणें कानांस कळतें. तें अडखळत असेल तर पात्यांवर तेल आलें आहे असें समजावें. नंतर भिंगांतून विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी. ती काढतां येते, पण कांचेवर ओरखडा राहिला असल्यास जात नाहीं. असा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी घेऊं नये. बॅटरीची खोबण उघडावी. हिरवट खपली दिसल्यास आंतली तार कुजलेली असण्याचा संभव फार. स्वतःचा सेल बरोबर न्यावा, घालावा, आणि डोळ्यावर हात धरून व काढून कांटा हलतो कीं नाहीं तें पाहावें. झांकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटास डांबरासारखा चिकटेल. तें दुखणें नव्हे, म्हातारपण आहे. तो खरवडून काळी लोकर बसविली कीं काम होतें. अंतरमापक पाहण्यास दूरची वस्तु हवी, आणि त्यासाठीं आमच्याकडे जिनिंगच्या धुराड्यासारखी दुसरी सोय नाहीं: भिंग अनंतावर ठेविलें असतां चौकोनांतील दोन धुराडीं एक झालीं पाहिजेत. न झाल्यास कॅमेरा कधीं तरी पडलेला आहे. दुरुस्ती अवघड नाहीं, पण करणारा माणूस जिल्ह्यांत शोधावा लागेल, म्हणून किंमत त्या मानानें कमी करून घ्यावी.

घेतल्यावर राखण्याचा प्रश्न. मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मोटारींत किंवा पत्र्याखालीं ठेविलेल्या कॅमेऱ्याचें तेल पातळ होऊन पात्यांवर उतरतें, आणि फिल्म वापरण्यापूर्वींच जुनी होते. फिल्म शीतपेटींत ठेवावी, पण काढल्याबरोबर डबी उघडूं नये. दोन तास तशीच राहूं द्यावी, नाहींतर तिच्यावर दंव धरतें. पावसाळ्यांत चामड्याचें म्यान काढून टाकावें, कारण बुरशीला तें माहेर आहे. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलची पुडी टाकून कॅमेरा ठेवावा. ती न मिळाल्यास कोरडे भाजलेले तांदूळ कापडाच्या पुरचुंडींत बांधून ठेवावे आणि दर आठवड्यास पुन्हां भाजावे. जिनिंगच्या आवारांत कापसाचे सूक्ष्म तंतु हवेंत उडत असतात. तेथें फिल्म बदलूं नये. शाळेच्या प्रयोगशाळेंत फिल्म धुवावयाची तर द्रावण २० अंशांचें असावें लागतें, आणि उन्हाळ्यांत नळाचें पाणी त्याहून कितीतरी ऊन असतें. म्हणून बर्फाचा बंदोबस्त आधीं करावा.

बॅटरी संपल्यास किंवा यंत्रावर विश्वास न बसल्यास हा हिशेब पाठ असावा: १०० वेगाची फिल्म असतां भर उन्हांत सेकंदाचा १२५ वा भाग व छिद्र एफ १६, ढगाळ दिवशीं एफ ८ ते ५.६, ओसरीच्या सावलींत एफ ४. 'ऑटो'वरच राहावयाचें असेल तर उन्हांतल्या कापसासाठीं फिल्मच्या वेगाची चकती १०० ऐवजीं ५० किंवा २५ वर न्यावी, काळ्या रानासाठीं २०० वर. आणि चित्र झाल्यावर ती परत आणण्यास विसरूं नये.

विद्यार्थ्यांस '३५ आरसी' मिळाला. एकाच्या मामांनीं तो मुंबईहून पाहून आणला. कांटा हलतो, धुराडीं एक होतात. पहिली फिल्म केवळ परीक्षेसाठीं खर्चावी आणि प्रत्येक चित्राची नोंद वहींत करावी, असें आम्हीं बजावलें होतें. त्यांनीं बाभुळगांव तालुक्यांत एकाच्या घरीं अंगणांतल्या कापसाच्या ढिगापुढें, ओसरीच्या सावलींत, त्याच्या आजीस बसविलें आणि एकाच जागेवरून सहा चित्रें घेतलीं: पहिलें 'ऑटो'वर, पुढचीं पांच हातानें, छिद्र दर वेळीं एकेक पायरी मोठें करीत. आजी म्हणाली म्हणे, "एवढं काय दिसते रे बाबू माह्यात?" पहिल्या चित्रांत कांहींच दिसत नाहीं. पांचव्यांत ढीग नुसता पांढरा झाला आहे, पण आजीच्या कपाळावरील गोंदण मोजतां येतें. वहींत त्यापुढें एफ ४, १२५ असें लिहिलें आहे, आणि त्या चित्राची मोठी प्रत त्यांच्या घरीं माजघराच्या भिंतीवर लागली आहे.